मुंबईतलं भाड्याचं घर सोडून मिरज, सावंतवाडी की वाई? अनुभव हवेत

उंबरठा
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही गोरेगाव पूर्वेला भाड्याने राहतो. वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं ३८ हजार. अकरा महिन्यांचा करार संपत आलाय आणि मालकांनी पुढच्यासाठी ४३ सांगितलेत. गाठीला ५५ लाखांच्या आसपास आहेत. याच भागात टू बीएचके घ्यायचा तर दीड कोटीच्या खाली काही दिसत नाही, म्हणजे कोटभर कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ८७ हजारांच्या घरात जातो. नवरा ४४ चा आहे. तो ६४ चा होईपर्यंत दर महिन्याला ८७ हजार, हे वाक्य आमच्या घरात कुणी पूर्ण करत नाही. त्याआधीच कुणीतरी चहा टाकायला उठतं.

हातातल्या पैशांत लहान गावात कर्ज न काढता घर होईल असं दिसतंय. माणसं चार. मी, घरूनच काम, एका कंपनीचे हिशेब बघते. नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस अंधेरीला ऑफिस. लेक सहावीत. सासूबाई ७४ वर्षांच्या, साखर आहे, अँजिओप्लास्टी झालेली. डोक्यात तीन गावं आहेत: मिरज, दवाखान्यांसाठी, सावंतवाडी, आम्हा दोघांना आवडतं म्हणून, आणि वाई, सासऱ्यांचं आजोळ म्हणून. वडिलोपार्जित घर-जमीन कुठेच नाही, दोन्हीकडची मंडळी गिरणीतली.

ज्यांनी खरंच मुंबई-पुणं सोडलंय त्यांनी लिहा. शुद्ध हवा, चांदणं वगैरे माहीत आहे. पैसे कशाकशाला जातात आणि काय मिळत नाही ते सांगा.

गवती चहा
रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला हाच विषय असतो.

लिंबूटिंबू
सासूबाईंना विचारलंत का? बरेचसे असे धागे तिथेच संपतात. (हलके घ्या.)

उंबरठा
@लिंबूटिंबू, विषय त्यांनीच काढला. तीन जिने उतरायचे म्हणून त्या आठवड्यातून एकदाच खाली येतात. म्हणाल्या, "मुंबईत आहे म्हणजे काय, खिडकीत आहे."

कृष्णाकाठ
ठाण्यात पंधराएक वर्षं काढून आम्ही सांगलीला आलो, आता मिरजेच्या बाजूला राहतो. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

घर: आमच्या आसपास बऱ्यापैकी टू बीएचके ४५ ते ५५ लाखांत मिळतो, भाड्याने १० ते १२ हजार. म्हणजे तुमच्या आकड्यात बसतं. पण सगळे पैसे घरात घालू नका. इथे आल्यावर पहिल्या वर्षात एक दुचाकी, मग दुसरी दुचाकी आणि शेवटी जुनी का होईना चारचाकी लागतेच. मुंबईत पास काढला की महिना निघतो. इथे दूध सोडून प्रत्येक गोष्टीला किल्ली फिरवावी लागते.

दवाखाने: यात मिरजेला तोड नाही. १८९४ साली वॉन्लेस साहेबांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रातले पेशंट मिरजेलाच येतात. सरकारी मेडिकल कॉलेजही इथेच. हृदयाचे, किडनीचे, हाडांचे डॉक्टर पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. तुमच्या सासूबाईंसाठी तीन गावांत निवड करायची तर मला तरी प्रश्नच पडत नाही.

पाणी: म्हणजे पुराचं. २००५, २०१९ आणि २०२१. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मिरजेत कृष्णाघाटाकडचा भाग सोडला तर एवढा त्रास नाही. पण सांगलीत कुठलंही "स्वस्त" घर कुणी दाखवलं की २०१९ ला पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. एजंटाला नको. खालच्या मजल्याच्या भिंतीवर नवा रंग बघून हुरळू नका.

प्रवास: महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी इथे. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस म्हणजे मात्र नवऱ्याचे दोन दिवस नाही, चार दिवस जातील. यावर आधी बोला.

टांगेवाला
कृष्णाकाठ यांना अनुमोदन. शिवाय मिरजेत संध्याकाळी सतारमेकर गल्लीतून चालत गेलं की तारा जुळवल्याचा आवाज फुकट. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं होतं, तेही तिकिटाशिवाय. मुंबईत तेवढ्या गाण्यासाठी टॅक्सीलाच पाचशे जातात.

लिंबूटिंबू
गाडी गेली गाण्यावर. भाड्याचं काय?

दुपारची झोप
मी निवृत्तीनंतर मुलुंडचं घर विकून वाईला आलो. वाई सुंदर आहे याबद्दल वाद नाही: घाट, ढोल्या गणपती, विश्वकोशाचं कार्यालय, गप्पा मारायला चार शहाणी माणसं. पण स्वस्त? पुण्या-मुंबईच्या लोकांनी शनिवार-रविवारसाठी घरं घेऊन घेऊन भाव चढवून ठेवलेत. रेल्वे नाही. सणाला, मे महिन्यात आणि नाताळात महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांमुळे भाजी आणायलाही सकाळी सातच्या आत जावं लागतं. साध्या दुखण्याला इथे डॉक्टर आहेत, पण छातीत दुखलं तर मला साताऱ्याला नेलं होतं, पस्तीसेक किलोमीटर. त्या रस्त्यात बायकोचं वय पाच वर्षांनी वाढलं.

एक सूचना, तुम्हाला नाही पण वाचणाऱ्या इतरांना. शहरातलं स्वतःचं घर विकून येणार असाल तर भांडवली नफ्याचा कर आधी समजून घ्या. नवं घर दोन वर्षांत विकत घ्यायला हवं किंवा तीन वर्षांत बांधून पुरं व्हायला हवं. नुसता प्लॉट घेऊन ठेवला तर सवलत नाही. गावात घर स्वस्त, त्यामुळे नफा उरतोच. उरलेला सहा महिन्यांच्या आत सरकारी रोख्यांत, तेही ५० लाखांपर्यंतच, पाच वर्षं अडकवून. आमच्या इमारतीतल्या एकाने गावाला प्लॉट घेतला, गवंडी मिळेना, तीन वर्षं उलटली आणि कर व्याजासकट भरला.

रातांबा
आता सावंतवाडीकर बोलतो.

तुम्हाला गाव आवडतं म्हणजे तुम्ही मोती तलावाच्या काठावर संध्याकाळी बसलेल्या असणार, चितारआळीत लाकडी खेळणी घेतलेली असणार, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी यातच आलेल्या असणार. बरोबर? मे महिन्यात या. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसतो. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. मग जुलैत या. भिंतीला बुरशी, कपाटातल्या चपलांना बुरशी, मीठ पाणी होतं. कौलारू घर घेतलंत तर दरवर्षी पावसाआधी शाकारणी, आणि त्यासाठी माणूस मिळवणं ही वेगळी कला. वाळवीबद्दल बोलतच नाही. फुरसं (विषारी साप) दिसलं तर ओरडायचं नाही, दिवा घेऊन बघायचं.

दवाखाना म्हणाल तर आम्ही सगळे बांबोळीचे. गोव्याचं मेडिकल कॉलेज, साठेक किलोमीटर. आमच्या जिल्ह्यात "बांबोळीक व्हेलो" (बांबोळीला नेला) म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटांना तिथे पैसे पडायला लागले. ओरोसला आता आपलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण सवय अजून बांबोळीचीच.

रेल्वे आहे, पण स्टेशन गावाबाहेर मळगावला. तुतारी एक्स्प्रेस रोज दादरला जाते. गणपतीत तिकीट मागू नका.

आणि एक गोष्ट बोलून टाकतो, राग नसावा. तुम्ही ज्याला "स्वस्त" म्हणता ते आमच्या पगारात बसत नाही. माझा धाकटा भाऊ इथेच शिक्षक आहे. त्याला बाजारपेठेजवळ वन बीएचके घ्यायचाय. बिल्डर त्याला तोंडावर सांगतो, मुंबईवाले आणि गोव्यात काम करणारे रोख मोजतात, तुम्ही बँकेच्या कागदांत महिना घालवणार. तुम्ही मुंबईला ज्या भावामुळे सोडताय तो भाव तुमच्याच पिशवीतून इकडे येतो.

उंबरठा
@रातांबा, राग कसला. पण आम्ही गोरेगावात तुमच्या भावाच्या जागेवर आहोत आणि सावंतवाडीत बिल्डरच्या आवडत्या गिऱ्हाईकाच्या जागेवर, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मंगलोरी कौल
रातांबा, थोडं अति होतंय. गावातली घरं बंद पडलीत, तरुण पोरं सगळी मुंबई-पुण्याला, शाळा पटसंख्येअभावी बंद होतायत. कुणी कायमचं राहायला आलं तर चांगलंच की. तुमचा राग बंद बंगले बांधून ठेवणाऱ्यांवर असायला हवा, वर्षाचे बारा महिने राहणाऱ्यांवर नाही.

रातांबा
@मंगलोरी कौल, हा फरक मान्य. बारमाही राहणारा माणूस ग्रामसभेला येतो, गटाराबद्दल भांडतो. बंगलेवाला फक्त "कुंपणावरून गुरं आत येतात" एवढंच भांडतो.

मामलेदार
जमीन-प्लॉटचा विचार असेल तर थांबा आणि हे वाचा. फ्लॅट घेणार असाल तर शेवटचा परिच्छेद पुरे.

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते (कुळवहिवाट कायदा १९४८, कलम ६३). तुमच्याकडे सातबारा नाही, म्हणजे तुम्ही बिनशेती प्लॉटच घ्यायचा. जाहिरातीत "फार्महाऊस प्लॉट, ५ गुंठे, निसर्गरम्य" लिहिलेलं असतं, त्यातले बरेचसे एका मोठ्या गटातले तुकडे असतात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तुमचं नाव पंचवीस जणांबरोबर सामायिक सातबाऱ्यावर लागतं, कधी तेही लागत नाही, नुसतं संमतीपत्र. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" दिसलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार नको. इतर हक्कात कुळाचं, बँकेचं, बहिणींचं नाव आहे का बघा. आंबोली, चौकुळ, गेळे या बाजूला "कबुलायतदार गावकर" (गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक) जमिनींचा प्रश्न कित्येक वर्षं चालू आहे. थंड हवेच्या मोहात तिथे सही करू नका. आणि मोजणी झाल्याशिवाय कुंपणाचा खांबही रोवू नका.

फ्लॅट: लहान गावात बऱ्याच इमारती महारेरात (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) सापडणार नाहीत. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्तीच नाही. त्यामुळे नोंदणी नाही म्हणजे फसवणूक असं नव्हे, पण मग सगळी तपासणी तुमच्या अंगावर. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, तीस वर्षांचा शोध अहवाल. हे बिल्डरच्या वकिलाकडून नको, स्वतःच्या. पाच-दहा हजार जातील.

लिंबूटिंबू
मामलेदारांचा प्रतिसाद वाचून मी गावाकडचं घर बघायचा विचार सोडला आणि वकील व्हायचा विचार धरला.

परतीचा पाऊस
गेलेले सगळे राहतातच असं नाही, म्हणून आमचीही नोंद. २०१९ ला पुणं सोडून दापोली तालुक्यात गेलो, नवऱ्याच्या काकांचं रिकामं घर होतं. भाडं शून्य. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आंबा, पोफळी, विजेचे खांब, सगळं आडवं. आमच्या वाडीत कित्येक आठवडे वीज नव्हती. दोघांचंही काम इंटरनेटवर. बाजारात एका दुकानदाराच्या जनरेटरवर फोन चार्ज करून हॉटस्पॉटवर कामं पाठवली. त्याआधी मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना शाळेत ठेवलं होतं, तेव्हा "तुम्ही नेमके कुठले?" हा प्रश्न आम्हालाही विचारला गेला, वर्षभर तिथे राहत असूनही.

पण आम्ही परतलो ते वादळामुळे नाही. मुलगा आठवीत गेला. त्याला बुद्धिबळ खेळायचं होतं आणि तालुक्यात त्याला हरवणारं कुणी उरलं नव्हतं. एवढंच कारण. आज विचारलं तर मी म्हणेन, गावात नको, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जा. गाव आणि शहर यांच्यामधली ही जी गावं आहेत तिथे निदान दोन क्लास, चार डॉक्टर आणि वीज गेली तर फोन उचलणारा माणूस असतो.

गवती चहा
शाळांबद्दल कुणी सांगेल का? सगळे म्हणतात, गावात शिक्षणाचं नुकसान.

रातांबा
दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ दरवर्षी पहिलं येतं. नुकसान कसलं?

परतीचा पाऊस
@रातांबा, आणि अकरावीला ती सगळी पहिली आलेली मुलं कुठे जातात?

रातांबा
...कोल्हापूर, पुणं, मुंबई. बरं, पटलं.

कृष्णाकाठ
सांगली-मिरजेत अकरावी-बारावीचं तेवढं दुखणं नाही, विलिंग्डन आहे, वालचंद अभियांत्रिकी आहे. सहावीच्या मुलीला सेमी इंग्रजी सहज मिळेल. दाखला वार्षिक परीक्षेनंतर काढा, मधे हलवू नका.

जिन्याखालचा
थोडं अवांतर. आमच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात गिरगावातली खोली सोडून डोंबिवलीत ब्लॉक घेतला, तेव्हा चाळीत असाच धागा निघाला होता, फक्त जिन्यावर. "तिकडे पाणी नाही, कोल्हे ओरडतात, मुलीला स्थळं येणार नाहीत." गिरगावची खोली पागडीची, भाडं नाममात्र, पण दहा बाय बारात आठ माणसं. नंतर ८२ चा संप झाला आणि लालबाग-परळची कितीतरी घरं बदलापूर, विरार, नाहीतर थेट गावाकडे गेली. त्यांना कुणी "निवड" विचारली नव्हती. उंबरठा, तुमचीही दोन्हीकडची मंडळी गिरणीतली म्हणालात म्हणून आठवलं. मुंबईचा मराठी माणूस पन्नास वर्षं लोकलच्या शेवटच्या स्टेशनाकडे सरकतोच आहे, आता रूळच सोडून चाललाय.

मंगलोरी कौल
जिन्याखालचा, आणि आज डोंबिवलीतसुद्धा टू बीएचके सत्तर-ऐंशी लाखांना. तेव्हाचे कोल्हे परवडले.

सॅक्रामेंटोची साळुंखी
आम्ही सॅन होजे सोडून सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला आलो, त्याच कारणासाठी. इथेही तेच: घर मोठं मिळालं, आठवड्यातून दोनदा ऑफिस म्हणजे पहाटे निघायचं. आणि इथले जुने रहिवासी रातांबांसारखंच बोलतात, फक्त इंग्रजीत.

लिंबूटिंबू
बघा, कॅलिफोर्नियातसुद्धा "मुंबईवाले आले आणि भाव वाढवले".

एकटी_पण_मजेत
सगळे कुटुंबवाले लिहितायत म्हणून माझं. ३६, अविवाहित, ठाण्याहून एका तालुक्याच्या गावी बदली घेऊन आले (गाव सांगत नाही). घर शोधताना पहिला प्रश्न आडनाव, दुसरा "मिस्टर कुठे असतात?", तिसरा मांसाहार. आडनावावरून कुठल्या गल्लीत घर दाखवायचं ते एजंट मनात ठरवतो. माझ्या मुस्लिम सहकारी मैत्रिणीला तर घर "आत्ताच गेलं" असं सगळीकडे ऐकायला मिळालं. मुंबईतही तिला हे झालंय, पण तिथे पुढची इमारत असते. इथे इमारती संपतात.

घर मिळाल्यावर मात्र उलटं. ताप आला तेव्हा शेजारच्या काकू न विचारता पेज घेऊन आल्या. त्याच काकूंना माझ्याकडे कोण किती वाजता आलं हेही न विचारता माहीत असतं. दोन्ही एकत्रच येतं, सुटं मिळत नाही.

गवती चहा
"सुटं मिळत नाही" +१.

हिशेबी हरी
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? घर घ्यायचंच असं कुणी सांगितलंय? ५५ लाख सात टक्क्यांनी ठेवीत ठेवले तर वर्षाला ३ लाख ८५ हजार व्याज, महिन्याला ३२ हजार, कर वेगळा. मिरजेत भाडं १२ हजार. म्हणजे व्याजातून भाडं जाऊन उरतात. कशाला विटांत पैसे घालताय? विशेषतः अशा गावात जिथे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक यायला वर्ष लागतं.

कृष्णाकाठ
@हिशेबी हरी, हे मात्र खरं. आमच्याच इमारतीत एक फ्लॅट दोन दिवाळ्या विकायला काढलेला आहे. भाव कमी म्हणजे मागणीही कमी.

दुपारची झोप
व्याज महागाई खाते हो. भाडं दरवर्षी वाढतं, घर वाढत नाही.

हिशेबी हरी
काका, मी आयुष्यभर भाड्याने राहा म्हणत नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने काढा, मग घ्या. तेवढ्या काळात भाव काही दुप्पट होत नाहीत, मिरजेत तर नक्कीच नाही.

अजून एक. आरोग्य विमा बघा. काही पॉलिसींचा हप्ता शहराच्या झोनप्रमाणे असतो. पत्ता लहान गावाचा दिला की हप्ता कमी होतो, पण पुढे मुंबईत उपचार घेतले तर ठरावीक टक्के रक्कम आपल्या खिशातून. सासूबाईंचे जुने कागद मुंबईच्या डॉक्टरांकडे असतील तर हे कलम आधी वाचा. आणि तिथलं कुठलं हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत आहे ते कंपनीच्या साइटवर बघा, हॉस्पिटलच्या पाटीवर नाही.

मंगलोरी कौल
खरा प्रश्न नवऱ्याच्या ऑफिसचा आहे, बाकी सगळं होतं. आमच्या ओळखीत तिघे कोविडमध्ये गावी गेले. ऑफिसने परत बोलावल्यावर एक परत आला, एकाने नोकरी बदलली, तिसरा बायको-मुलांना गावात ठेवून मुंबईत खाटेवर राहतोय. तिसऱ्याचं भाडं वाचलं असं म्हणायचं का?

उंबरठा
दोन आठवडे धाग्यावर आले नाही, क्षमस्व. सगळं वाचलं, सासूबाईंना मोठ्याने वाचूनही दाखवलं. रातांबांचं "भाव तुमच्याच पिशवीतून येतो" त्यांना फार पटलं, मला सुनावूनही झालं.

सावंतवाडी तूर्त सुट्टीपुरतं. बांबोळीचा रस्ता आणि अँजिओप्लास्टी हे गणित जमेना. वाई परवडत नाही. नवऱ्याने साहेबांकडे विचारलं: आठवड्याचे दोन दिवस एकत्र करून महिन्यातून सलग आठ दिवस ऑफिसात बसलं तर चालेल का. साहेब म्हणाले, "चालेल, बघू." राहायला त्याच्या भावाकडे कांदिवलीला सोय आहे. लेकीची परीक्षा झाली की मिरजेत भाड्याने घर बघायचं, पैसे तोवर ठेवीत, असं सध्या ठरतंय. हरींचं ऐकलं म्हणायला हरकत नाही.

मंगलोरी कौल
"चालेल, बघू" हे होकार नव्हे. मेलवर घ्या.

हिशेबी हरी
मेलवर नाही, एचआरच्या पत्रावर. साहेब बदलतात.

लिंबूटिंबू
गोरेगावच्या मालकांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझा भाचा घर शोधतोय, त्याला तीन जिने चालतील.

रातांबा
उंबरठा, सासूबाई पुढच्या वर्षी ७५ च्या ना? मग एसटी फुकट, तुम्हाला तिकीट अर्धं. त्यांना घेऊन मे महिन्यात सावंतवाडीला या, विहीर दाखवतो. भावासाठी वन बीएचके अजून बघतोच आहे, कुणाला बाजारपेठेजवळ काही कळलं तर मलाही व्यनि करा.

मामलेदार
भाड्याने जाताय तर एवढंच: लहान गावात करार स्टँपपेपरवर नोटरी करून उरकतात. चालवून घेऊ नका. भाडेकरार नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची. ऑनलाइन होतो. मुलीच्या शाळेपासून आधारवरच्या पत्त्यापर्यंत सगळीकडे तोच मागतील. मालक म्हणेल, "आपल्याकडे अशी पद्धत नाही." तुम्ही म्हणा, नोंदणीचा खर्च आम्ही देतो.

कृष्णाकाठ
आणि अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकीच चालते इथे, मुंबईसारखी लाखाची मागितली तर उठून या. तळमजला बघा सासूबाईंसाठी, पण कृष्णाघाटाची बाजू सोडून. मुलीची शाळा कुठली ते आधी ठरवा, मग तिच्या आसपास घर. उलटं केलंत तर रोज चार फेऱ्या तुमच्याच.